छोट्याचा जामीनदार

निकाल लागला त्या संध्याकाळी गल्लीत एवढंच पसरलं की छोट्या सुटला. कुणी पेढे मागितले, कुणी मला बाजूला घेऊन "किती गेले?" असं हळूच विचारलं. छोट्या सुटला नव्हता. कोर्टानं त्याला चोरीत दोषी धरलं होतं, पण शिक्षा न सुनावता दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, सोडलं होतं. त्या दोन वर्षांत त्याच्यावर प्रोबेशन ऑफिसरची (परिविक्षा अधिकाऱ्याची) देखरेख राहील असा वेगळा हुकूमही केला होता. बंधपत्रावर जामीनदार म्हणून सही माझी. तो घसरला तर पंधरा हजार माझेही जाणार. ही देखरेख कशी चालते ते मी दोन वर्षं दुकानात बसून जवळून पाहिलं, म्हणून लिहितोय.

माझं बार्शीत फॅब्रिकेशनचं दुकान आहे. खिडक्यांच्या ग्रिल, गेट, पत्र्याची शेड, सीझनला कांदाचाळीचे सांगाडे. छोट्या हेल्पर म्हणून लागला तेव्हा अठराचा होता. (खरं नाव लिहीत नाही; दुकानात सगळे छोट्याच म्हणायचे.) वर्षभरात त्याचा हात असा बसला की कोपऱ्याचा जॉइंट त्यानं मारला तर ग्राइंडर फारसा फिरवावा लागायचा नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात दोन मित्रांबरोबर त्यानं एका विहिरीवरची मोटर उचलली, फोडली आणि आतली तांब्याची तार भंगारात घातली. वाटणीला हजार-बाराशे आले असतील. शेतकऱ्याला मात्र नवी मोटर घ्यावी लागली, केबल ओढावी लागली, आणि पाण्यावाचून वांगी गेली ती वेगळीच. भंगारवाल्याकडून पोलिसांना नावं मिळायला वेळ लागला नाही. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३७९ (चोरी), सहवाचन ३४ (मिळून केलेला गुन्हा). जामिनावर लगेच बाहेर आला, मग कोरोना, मग तारखा, मग साक्षीदार गैरहजर. निकाल उजाडायला २०२२ साल आलं.

खटला रखडल्याचा एक तोटा वकीलसाहेबांनी समजावून सांगितला. १९५८ च्या अपराधी परिविक्षा अधिनियमात एकविशीच्या आतल्यांसाठी वेगळं कलम आहे. अशा पोराला तुरुंगात पाठवायचं तर कोर्टाला आधी प्रोबेशन ऑफिसरचा अहवाल मागवावा लागतो आणि का पाठवतोय याची कारणं लिहावी लागतात. पण वय धरतात ते कोर्ट निर्णय देतं त्या दिवशीचं, गुन्ह्याच्या दिवशीचं नाही. चोरीच्या वेळी छोट्या एकोणीसचा, निकालाला बावीसचा. ती सवलत तारखांमध्येच संपली. उरलं कलम ४. फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर कुठल्याही वयाच्या माणसाला त्याखाली सोडता येतं, पण तो कोर्टाच्या समजुतीचा भाग, हक्क नव्हे. वकीलसाहेबांनी आधी कलम ३ मागून पाहिलं: पहिलाच गुन्हा आहे, ताकीद देऊन सोडा. चोरीला तेही चालतं. न्यायाधीशसाहेब म्हणाले, मोटरीवर माणसाचं पीक उभं असतं, नुसत्या ताकिदीवर भागणार नाही. मग त्यांनी अहवाल मागवला आणि पुढची तारीख दिली.

त्यानंतर प्रोबेशन ऑफिसर मॅडम आल्या.

आमची कल्पना होती की जीप येईल, बरोबर हवालदार असेल. आल्या त्या सोलापूरहून एसटीनं, खांद्याला पर्स आणि हातात रबर लावलेली फाइल. बसायला मी खुर्ची पुसून देत होतो, तोवर त्या कटिंग मशीनशेजारच्या स्टुलावर बसल्यासुद्धा. परिविक्षा अधिकारी हे त्यांचं पद महिला व बालविकास खात्यातलं, पोलीस खात्यातलं नाही, हे मला तिथं कळलं. सोलापूर जिल्ह्यात अकरा तालुके. त्यांच्याकडं अशी मोठ्यांची प्रकरणं तर होतीच, शिवाय बाल न्याय मंडळापुढच्या पोरांच्या घरांची चौकशीही होती.

त्यांनी चोरीबद्दल मला काहीच विचारलं नाही. विचारलं ते असं: पगार रोजचा देता की आठवड्याचा? आठवड्याचा, तर कुठल्या वारी? त्या दिवशी तो दुकानातून निघाला की आधी कुठं जातो? उचल किती आहे तुमच्याकडं? दुसऱ्या कुणाचे देणे आहेत का? दुपारचा डबा घरचा आणतो की बाहेर खातो? मी म्हटलं, "मॅडम, पोरगं कामाला वाघ आहे." त्या म्हणाल्या, "कामाला चांगला आहे ते त्याच्या हातावरच्या डागांवरून दिसतंय. पगाराच्या दिवशी कसा आहे ते सांगा." मला सांगता येईना. शनिवारी पगार दिला की मी शटर ओढून घरी जायचो.

तिथून त्या त्याच्या घरी गेल्या. वाट दाखवायला मी बरोबर. दोन खोल्या, पत्रा, बाहेर चूल. वडील नाहीत, आई लोकांकडं धुणंभांडी करते, बहीण बारावीला. मॅडमनी आईला "मावशी, रात्री हा झोपतो कुठं?" असं विचारलं. आई म्हणाली, "बाहेर वट्ट्यावर." मॅडमनी ते लिहून घेतलं. मला तेव्हा त्यात लिहिण्यासारखं काय आहे ते उमगलं नाही. नंतर एकदा त्यांनीच सांगितलं: वट्ट्यावर झोपणारं पोरगं रात्री दोनला उठून गेलं तर घरात कुणाला कळत नाही, आणि मोटरी रात्रीच जातात. शेजारी दोन घरं, कोपऱ्यावरचा किराणावाला आणि पोलीस ठाण्यातला रेकॉर्ड एवढं बघून त्या परत गेल्या. अहवाल थेट कोर्टात. तो गोपनीय असतो. त्यात माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला अजून माहीत नाही.

पुढच्या तारखेला हुकूम झाला. जामीनदार म्हणून मीच का, तर कायद्यात अट आहे: आरोपीचा किंवा त्याच्या जामीनदाराचा पक्का पत्ता नाहीतर कायमचा कामधंदा त्या कोर्टाच्या हद्दीत हवा. छोट्याचं घर भाड्याचं, भाडेकरार तोंडी. माझं दुकान नगरपरिषदेच्या कागदावर होतं. घरपट्टीची पावती, आधार, फोटो, ऐपतीचं प्रतिज्ञापत्र एवढं जोडलं. बंधपत्रावरचा मजकूर सही करण्याआधी कोर्टाच्या शिरस्तेदारांनी (कारकुनांनी) वाचून दाखवला. त्यातलं एक वाक्य लक्षात राहिलं: बोलावणं येईल तेव्हा हजर राहून शिक्षा घेईन आणि दरम्यान शांतता व चांगली वर्तणूक ठेवीन. म्हणजे शिक्षा रद्द झालेली नाही, ती कोर्टाच्या कपाटात आहे. खाली अटी: कोर्टाच्या परवानगीशिवाय पत्ता बदलायचा नाही, दारू नाही, जुन्या दोघांशी संबंध नाही, प्रोबेशन ऑफिसर बोलावतील तेव्हा भेटायचं. आणि कलम ५ खाली शेतकऱ्याला बारा हजार भरपाई, हप्त्यानं.

पहिले काही महिने मॅडम दर महिन्याला यायच्या. कधी दुकानात, कधी घरी, कधी छोट्यालाच कोर्टाच्या आवारात बोलवायच्या. सांगून क्वचितच. एक भेट सविस्तर सांगतो, म्हणजे बाकीच्यांचा अंदाज येईल.

दुपारची वेळ, वीज गेलेली, आम्ही दोघं गेटच्या पट्ट्या मापत होतो. मॅडम आल्या, पाणी प्यायल्या, डायरी उघडली.

"गेल्या महिन्याचा पगार?"

छोट्यानं आकडा सांगितला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली.

"घरी किती दिले?"

"निम्मे."

"मावशी म्हणतात तीन हजार."

छोट्या गप्प.

"निम्मे कसे मग?"

"मोबाइलचा हप्ता आहे, मॅडम."

"कधी घेतलास मोबाइल? बिल आण पुढच्या वेळी. आणि शेतकऱ्याचा हप्ता?"

"भरणार आहे."

"नाझराकडची पावती दाखव, मग बोल." (नाझर म्हणजे कोर्टात पैसे भरून घेणारा.)

सगळी भेट दहा मिनिटांची. रागावणं नाही, उपदेश नाही. पण छोट्याच्या मानेवर घाम आला होता, आणि तो उकाड्याचा नव्हता. पोलीस ठाण्यात हजेरी लावणारे लोक मी पाहिलेत. रजिस्टरवर सही केली की मोकळे. इथं सही नाही, पण पैसा कुठून आला आणि कुठं गेला याचा माग. मला विचाराल तर सगळ्या देखरेखीचा कणा हाच. चोरी करायला लागणारं कारण पोराच्या खिशात तयार होतं आहे का, ते खिशातच बघायचं.

मॅडमनी माझंही एक काम वाढवलं. शनिवारचा पगार मंगळवारवर आणायला सांगितला. शनिवारी बाजार भरतो, पोरं जमतात, रविवारी सुट्टी. मंगळवारी पैसे घेऊन कुणी कुठं जात नाही. ही आयडिया कुठल्या कायद्यात नसेल. मी सगळ्याच कामगारांचा पगार मंगळवारी करून टाकला, नाहीतर छोट्याला वेगळं पाडल्यासारखं झालं असतं. दोघं कामगार महिनाभर माझ्यावर रुसले होते.

मग ती वरात झाली. मित्राच्या भावाचं लग्न, डीजे, आणि छोट्या प्यायला. दुसऱ्या दिवशी कामावर आला, पण अकराला. मी काही बोललो नाही. बोललं ते शेजारच्या बाईनं, थेट मॅडमना फोन करून. तिचा नंबर त्यांनी पहिल्याच चौकशीत घेऊन ठेवला होता. मला वाटलं, एवढ्याशासाठी कोर्टापर्यंत कोण जातं. मॅडमना तसं म्हणूनही दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मालक, अट तुम्ही वाचून सही केलीत. आज मी न कळवता सोडलं तर उद्या तो मला काय समजेल?" त्यांनी कळवलं.

समन्स त्याला आलं आणि मलाही. अट मोडली की जामीनदारालाही बोलावता येतं. बेलीफ दुकानात आला तेव्हा एक गिऱ्हाईक गेटचा रंग ठरवत बसलं होतं. बेलीफानं माझं नाव मोठ्यानं वाचलं, सही घेतली आणि गेला. गिऱ्हाईक म्हणालं, "मी उद्या येतो." आलं नाही. कोर्टात पाचेक मिनिटांचं काम झालं. पहिल्यांदा अट मोडली तर मूळ गुन्ह्याची शिक्षा द्यायची किंवा बंधपत्र चालू ठेवून दंड करायचा, असा पर्याय कलम ९ मध्ये आहे. कोर्टानं दंड केला: पन्नास रुपये. कायद्यात कमाल तेवढाच आहे, १९५८ पासून. दंड भरायला छोट्यानं शंभराची नोट दिली आणि नाझरानं सुटे नाहीत म्हणून आम्हालाच बाहेर पिटाळलं. पन्नास रुपयांना कुणी भीत नाही. पण पुढच्या वेळी कपाटातली शिक्षा बाहेर येईल, हे न्यायाधीशसाहेबांनी त्याच्या तोंडावर सांगितलं होतं, आणि ते ऐकताना माझ्याच पायातलं बळ गेलं.

तेव्हापासून शेजारच्या बाईवर छोट्या चिडून होता. मॅडमनी पुढच्या भेटीत तिच्याच दारात खुर्ची मागून घेतली आणि छोट्यालाही तिथंच बसवलं. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. आईनं सांगितलं की बाईनं चहा केला होता.

भरपाईचं निराळंच झालं. छोट्या कोर्टात जाऊन हप्ता भरायचा, पावती मॅडमच्या फाइलला लागायची. प्रोबेशनवरच्या माणसाला भरपाई भरायला मदत करणं हे त्यांच्या कामात कायद्यानंच घातलंय, म्हणून त्या पावतीच्या बाबतीत फार कडक. पण पैसे कोर्टात जमा होतात, ते शेतकऱ्याला उचलायला अर्ज करावा लागतो, हे शेतकऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. अर्धी रक्कम भरून झाली तरी त्याच्या हातात दमडी नव्हती. तो एक दिवस दुकानात आला. मला वाटलं भांडायला आला. तर म्हणाला, नव्या मोटरीला लोखंडी पिंजरा करून पाहिजे, कुलूप लागणारा. माप घेतलं, भाव ठरला, घासाघीस झाली. मी त्याला अर्जाचं सांगितलं. पिंजऱ्याचं वेल्डिंग छोट्याकडून करवून घ्यावं की नाही यावर मी रात्रभर विचार केला आणि शेवटी दुसऱ्याकडून करवून घेतलं. छोट्या मान खाली घालून शेजारी ग्रिल घासत होता.

वर्ष उलटल्यावर छोट्यानं पुण्याजवळच्या चाकणला जायचं काढलं. एका ठेकेदाराकडं वेल्डर हवे होते, पगार माझ्या जवळजवळ दुप्पट. खरं सांगायचं तर मला तो जायला नको होता, आणि त्यात जामीनदारकीची काळजी अर्धी आणि चांगला हात जाण्याचं दुःख अर्धं. मॅडमनी मला बाजूला बसवून विचारलं, "तुमचा विरोध कशाला आहे?" मी काळजीचं तेवढं सांगितलं. त्यांनी दुसरंही ओळखलं असावं, कारण त्या हसल्या.

पत्ता बदलायचा म्हणजे अट बदलायची. त्यासाठी कलम ८ खाली प्रोबेशन ऑफिसरनं कोर्टात अर्ज करावा लागतो, आणि कोर्ट आरोपीबरोबर जामीनदाराचंही म्हणणं ऐकून घेतं. मॅडमनी लगेच अर्ज केला नाही. आधी ठेकेदाराचा पत्ता मागवला, राहायची खोली कुणाबरोबर ते विचारलं, खोलीतल्या तिघांची नावं-गावं लिहून घेतली. एकजण करमाळ्याचा निघाला, त्याच्याबद्दल चौकशी केली. राहिलेले हप्ते कसे भरणार ते छोट्याकडून लिहून घेतलं. तोवर दोन-तीन महिने गेले आणि छोट्या माझ्याजवळ मॅडमच्या नावानं बोटं मोडायला लागला. अर्ज कोर्टाच्या बोर्डावर (त्या दिवशीच्या कामांच्या यादीत) आला तेव्हा मी उभा राहून सांगितलं, की तो तिकडं गेला तरी मी जामीनदार राहायला तयार आहे. परवानगी मिळाली. प्रकरण पुण्याच्या प्रोबेशन ऑफिसरकडं वर्ग झालं.

कागदावर हे वर्ग होणं एका ओळीचं आहे. प्रत्यक्षात फाइल कुठंतरी अडकली. पुण्याचे साहेब छोट्याला पहिल्यांदा भेटले तोवर तो चाकणला चांगला रुळला होता. मधल्या काळात त्याच्यावर कुणाची देखरेख होती? तर आईचा रोजचा फोन, आणि मंगळवारी माझा. मंगळवारी का, ते त्याला बरोबर कळायचं. "अजून खर्च नाही केला, मालक," असं तो स्वतःच सांगायचा. याच सुमाराला आमच्या मॅडमची बदली झाली. नव्या अधिकाऱ्यांना मी फोन केला तेव्हा त्यांनी फाइल शोधतो म्हणून सांगितलं. त्यांचा दोष म्हणत नाही. अकरा तालुके, एक माणूस आणि एसटीचं वेळापत्रक. पण ज्या कामाचा सगळा जीव ओळखीपाळखीत आहे, ते काम बदलीबरोबर पुन्हा शून्यावर येतं, हे मला पटत नाही. शेजारच्या बाईचा नंबर नव्या अधिकाऱ्यांकडं असेल का?

२०२४ मध्ये मुदत संपली. त्या दिवशी काहीच झालं नाही. मी वकीलसाहेबांना विचारलं, आता काय घ्यायचं? ते म्हणाले, काही नाही, बंधपत्राची मुदत संपली, विषय संपला. मला ते पुरेना. मी अर्ज करून हुकमाची सही-शिक्क्याची नक्कल काढली, भरपाई पूर्ण भरल्याच्या पावत्या जोडल्या आणि छोट्याला पाठवल्या. त्याचा उपयोग झाला. कंपनीनं ठेकेदाराच्या सगळ्या माणसांची चारित्र्य पडताळणी मागितली आणि छोट्याचा जुना गुन्हा त्यात दिसला.

इथं एक गैरसमज फार आहे. प्रोबेशन पूर्ण झालं म्हणजे गुन्हा पुसला जातो असं लोक धरून चालतात. कलम १२ एवढंच म्हणतं की दोषी ठरल्यामुळं कायद्यानं जी अपात्रता लागते ती अशा माणसाला लागणार नाही. दोषी ठरल्याची नोंद राहतेच. खाजगी ठेकेदाराला तर कलम १२ शी देणंघेणंच नाही. त्याला ठेवायचं तर ठेवेल, नाहीतर जा म्हणेल.

बदली व्हायच्या आधीच मॅडमनी छोट्याला एक सल्ला देऊन ठेवला होता: कुणी विचारायच्या आधी स्वतः सांग, आणि कागद पुढं कर. छोट्यानं तसं केलं. ठेकेदारानं नक्कल उलटसुलट पाहिली, मला फोन लावला. "हा तुमचाच माणूस का? चोरीचं काय आहे?" मी जे होतं ते सांगितलं, मोटर, तार, बारा हजार, पन्नास रुपयांचा दंडसुद्धा. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आर्गॉन वेल्डिंग येतं का त्याला?" मी म्हटलं, "माझ्याकडं ते मशीनच नाही. तुम्ही शिकवा."